नॉर्वेला निघालेले आजोबा

१ मे २०२५, गुरुवार

काल निवृत्त झालो. तेहतीस वर्षं सरकारी रेकॉर्ड रूम सांभाळली, एक कागद गहाळ नाही. निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि ही डायरी मिळाली. साहेबांनी भाषणात माझ्या हरिश्चंद्र नावाचं दोनदा रामचंद्र केलं. कोणीही दुरुस्त केलं नाही. नोंद घेतली आहे.

आजपासून नवं आयुष्य. रोज पहाटे भाट्याच्या पुळणीवर चालणे, चहात साखर बंद, आणि भागोजी आजोबांचा शोध तडीस नेणे. पहिले दोन संकल्प सोमवारपासून. तिसरा आत्तापासून.

प्रकरणाची पार्श्वभूमी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे संदर्भाला बरी. भागोजी विठू पिलणकर, माझ्या वडिलांचे वडील, राहणार मुरुगवाडा, रत्नागिरी. १९५३ साली दसऱ्यानंतर नॉर्वे देशात कायमचे राहायला निघाले. मुंबईच्या गोदीत ओळख काढून तिकडच्या मालवाहू जहाजावर नोकरी मिळवली होती. तिकडे बस्तान बसलं की काशी आजी, माझे बाबा रामा आणि सगुणा आत्या यांना बोलावून घेणार होते. अख्ख्या वाडीने ढोल वाजवत बंदरावर नेलं. पडावातून मुंबईच्या बोटीपर्यंत गेले, वर चढले, हात हलवला. त्यानंतर पत्ता नाही. प्रवासातच बेपत्ता. पोचले की नाही, कोणालाच माहीत नाही.

मला माहीत आहे. पोचले. असा माणूस पोचतोच. दूरवर जाण्याची ओढ आमच्या रक्तातच आहे. मी रत्नागिरीबाहेर कधी बदली घेतली नाही ती केवळ बाबांच्या दम्यामुळे.

४ मे, रविवार

दीपक येऊन गेला. दीपक म्हणजे आमच्या भावकीतला, शाळामास्तर, पिलणकर घराण्याच्या कुलवृत्तांताचा संपादक. सगळ्या शाखा, सगळ्यांचे जन्म, लग्नं, नोकऱ्या, फोटो, सगळं एका पुस्तकात येणार. प्रकाशन ३० ऑगस्टला हातखंब्याच्या हॉलमध्ये, म्हणजे गणपतीला आलेले मुंबईकरही सापडतील. मी त्याला सांगितलं, भागोजी आजोबांवर चार पानं मी लिहिणार, नॉर्वेतल्या वंशजांच्या फोटोसह. शिवाय व्यासपीठावर पंधरा मिनिटं.

दीपकने न पिताच चहाचा कप खाली ठेवला. एकदा आमच्या सौ. नम्रताकडे बघितलं. मग म्हणाला, बरं, लिही. भारावला असावा.

९ मे, शुक्रवार

मोबाइलवर नॉर्वेजियन शिकायला सुरुवात केली. नातेवाईक भेटल्यावर मध्ये दुभाषी नको. पहिला धडा: मुलगा सफरचंद खातो. दुसरा धडा: मुलगी सफरचंद खाते. भावनिक संवादाला अजून थोडा अवकाश आहे.

नम्रता म्हणाली, त्यापेक्षा आंबे पेंढ्यात घालायला हात लावा. बत्तीस वर्षं संसार केला, पण बाईला इतिहासाची आवड नाही ती नाहीच. ऋत्विकला पुण्याला फोन करून सगळा आराखडा सांगितला. म्हणाला, नाइस पप्पा. पोरगा बोलतो कमी, पण मनातून माझ्या बाजूने आहे.

चालायला गेलो नाही. टाचेला कुरूप.

१७ मे, शनिवार

नॉर्वेच्या एका जहाजी अभिलेखागाराला ई-मेल पाठवली. घरी स्वतंत्र आवक-जावक रजिस्टर उघडलंय. जावक क्रमांक १. ऋत्विकने माझं इंग्रजी फोनवरून छाटलं. मूळ मसुदा जास्त भारदस्त होता. 'मृदू स्मरणपत्र सादर' हेही त्याने काढायला लावलं, म्हणे पहिल्याच पत्राला स्मरणपत्र म्हणत नाहीत.

२० मे, मंगळवार

तीन दिवसांत उत्तर. याला म्हणतात ऑफिस. आवक क्रमांक १. तिथल्या बाई लिहितात, १९५३ आणि ५४ च्या खलाशांच्या याद्या पाहिल्या, भागोजी पिलणकर हे नाव नाही, जहाजाचं नाव कळवलंत तर आणखी शोधते.

नाव नाही म्हणजे काय. लिहिणाऱ्याने चुकवलं असणार. माझं नाव माझ्या साहेबांना लिहिता येत नाही, तिथे नॉर्वेच्या माणसाला पिलणकर काय येणार. तरी बाई मनापासून मदत करतायत. परक्या देशात एक माणूस माझ्यासाठी कपाटं उघडतंय आणि घरात कोणी माळ्याची शिडी धरायला येत नाही.

२५ मे, रविवार

गोळपला सगुणा आत्याकडे गेलो. आत्या आता अठ्ठ्याहत्तरची. आजोबा निघाले तेव्हा सहा वर्षांची, म्हणजे आजच्या तारखेला हयात असलेली एकमेव साक्षीदार. फणसाचे गरे काढत बसली होती. जहाजाचं नाव विचारलं. म्हणाली, मला नाय रे बाबा आठवत. मी विचारलं, मारिया होतं का. म्हणाली, असंल.

जहाजाचं नाव मारिया असल्याला साक्षीदाराकडून दुजोरा मिळाला.

निघताना तिने चिकट हातानेच माझा हात धरला. म्हणाली, हरी, गेलेल्या माणसाच्या एवढं मागं लागू नये, नातवंडांचं बघ आता. मला नातवंडं नाहीत. ऋत्विकचं लग्नही झालेलं नाही. वयोमानाप्रमाणे गोंधळ होतो, पण तो जहाजाच्या नावाबाबत झालेला दिसत नाही.

६ जून, शुक्रवार

आवक क्रमांक २. मारिया नावाची पाच नॉर्वेजियन जहाजं. एक १९३१ साली बुडालं. एक १९६१ साली बांधलं. दोन मासेमारीच्या होड्या. पाचवं तिकडच्याच किनाऱ्यावर पत्रं आणि दूध पोचवायचं. मुंबईला एकही आलेलं नाही. बाई विचारतात, हे नाव कुठून मिळालं ते सांगाल का.

मी कळवलं, प्रत्यक्ष साक्षीदाराकडून. जावक क्रमांक ३.

दूध पोचवणाऱ्या जहाजाबद्दल मला शंका आहे. अशाच जहाजांवर माणसं गुपचूप उतरवतात.

२२ जून, रविवार

मोठी घडामोड. सकाळी गणपतीच्या शाळेत पाट द्यायला गेलो. घरचाच पाट मूर्तिकाराकडे द्यायचा आणि मूर्ती त्याच्यावरच करून घ्यायची, ही आमच्याकडची रीत. बाबा १९६१ पासून दर वर्षी विसर्जनानंतर पाटाच्या खालच्या अंगाला तेलरंगाने साल लिहायचे. बाबा गेल्यावर मी लिहितो. पाट उलटा करून उन्हात ठेवला होता, सहज वाचत गेलो. १९७७. १९७८. १९८०.

१९७९ नाही.

सोळा वर्षं मी त्या पाटावर साल लिहितोय आणि मला दिसलं नाही. रेकॉर्ड रूममध्ये कुणी असं केलं असतं तर मी त्याला नोटीस काढली असती.

गणपती आणला नाही तर त्याला आमच्यात एकच कारण असतं. सुतक. कोणाचं?

२३ जून, सोमवार

आठवतंय. मी बारा वर्षांचा होतो. वाडीत घरोघर मोदक आणि आमच्या घरात देवाला दिवासुद्धा नाही. दहा दिवस झाले तेव्हा कुठे आई शेजारच्या विहिरीवर गेली. मी ते दिवस मोजत होतो. आणि बाबांचं डोकं तुळतुळीत होतं. आईने सांगितलं होतं, उष्णतेने कोंडा झाला म्हणून काढलं. भर श्रावण-भाद्रपदात उष्णता. तेव्हा पटलं होतं.

घरच्या पूजेच्या गुरुजींना गाठलं. ते म्हणाले, रामाभाऊंनी डोकं केलं, म्हणजे आई किंवा बाप गेला असणार. आजी तर १९८८ साली गेली. राहिले आजोबा. गुरुजी असंही म्हणाले की पुरते दहा दिवस सुतक धरलं, म्हणजे बातमी लगेच कळली. लांबची बातमी महिन्याभराने आली तर तीन दिवसांवर भागतं. म्हणाले, हरिभाऊ, तुमचा माणूस कुठेतरी जवळपासच गेला.

गुरुजींचा व्यासंग मोठा, पण त्यांनी तारखात्याचा विचार केलेला नाही. नॉर्वेहून तार आली. त्याच दिवशी आली. आणि घरातल्या मोठ्या माणसांनी ती माझ्यापासून लपवली.

आजोबा पोचले होते हे सिद्ध झालं, त्याचा आनंद झाला. पण मला सांगितलं नाही याचा राग जास्त आला. जेवलो नाही. म्हणजे एकच भाकरी खाल्ली.

२९ जून, रविवार

नम्रताला सरळ विचारलं, तार कुठे आहे. म्हणाली, कसली तार, मी लग्न होऊन आले ९३ साली. मग उठून आत गेली आणि जेवायला तीन भाज्या केल्या. साध्या रविवारी तीन भाज्या. काहीतरी लपवतेय. बहुधा गॅस संपत आलाय.

माळा तपासला. बाबांच्या ट्रंकेत तार नाही. लांज्याच्या कुणा काजूवाल्याची पत्रं मात्र दोरी बांधून ठेवलेली, पन्नास-साठ तरी असतील. प्रत्येकाची सुरुवात 'प्रिय दादास, बाळाचा नमस्कार'. व्यापारी माणसं गिऱ्हाइकाशी कशी लघळपणे बोलतात त्याचा नमुना. विषयाशी संबंध नसल्याने रद्दीत दिली.

दीपकचा फोन. कागद महागलाय, चार पानांची दोन करावी लागतील.

१३ जुलै, रविवार

आवक क्रमांक ३, निधनाच्या चौकशीला उत्तर. सोमवारीच आलं होतं. १९७९ च्या ऑगस्टमध्ये नॉर्वेत पिलणकर नावाचं कोणीही मरण पावलेलं नाही. बाईंनी याखेपेस शेवटी लिहिलंय की तुमचे आजोबा कदाचित निघालेच नसतील, असंही कधी कधी आढळतं.

बाईंकडून ही अपेक्षा नव्हती. इतकी पत्रं झाल्यावर हे. 

त्यांनी नाव बदललं असणार, हे मला आधीच सुचायला हवं होतं. इंटरनेटवर तिकडच्या जुन्या गावकऱ्यांचे फोटो चाळले. चौथ्या दिवशी सापडले. आर्ने सोल्बाक, निधन ऑगस्ट १९७९. कान. पिलणकरांचे कान असे बाहेर आलेले असतात, शाळेत मला त्यावरून चिडवायचे. तेच कान. वर्ण गोरा आहे, पण इतकी वर्षं बर्फात राहिल्यावर होणारच.

त्यांची नात इंग्रिड फेसबुकवर आहे. 'प्रिय भगिनी' अशी सुरुवात करून सविस्तर पत्र लिहिलं. सोबत माझा, नम्रताचा आणि मागच्या वर्षीच्या गणपतीचा फोटो.

३ ऑगस्ट, रविवार

इंग्रिडचं उत्तर आलं. तिचे आजोबा त्याच गावात जन्मले, तिथेच शिकले, तिथेच पोस्टात होते आणि बोट लागते म्हणून समोरच्या बेटावर लग्नालाही गेले नव्हते. मी लिहिलं, हे सगळं त्यांनी तुम्हाला सांगितलेलं असणार, घरातली मोठी माणसं लपवतात, मला अनुभव आहे. त्यावर तिने मला ब्लॉक केलं.

रक्ताच्या बहिणीने पाठ फिरवली. जड वाटतंय. चहात साखर घेतली.

दोन पानांचं एक झालं. पंधरा मिनिटांची सात. दीपक म्हणतो, कार्यक्रम भरगच्च आहे. मला बाजूला सारण्याचं पद्धतशीर काम चाललंय.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनाहून आलो आणि मोबाइल बघितला. कुलवृत्तांताचं मुखपृष्ठ ऋत्विक करतोय. त्याने दीपकला पाठवायची शेवटची प्रत चुकून मला पाठवली. सोबत दीपकचा त्याला आलेला निरोपही: पान ६१ पप्पांना आत्ता दाखवू नकोस, सभेनंतर मी बोलेन.

पान ६१. भागोजी विठू, जन्म १९१८, मृत्यू १९७९, लांजा. पत्नी काशी, मुलगा रामा, मुलगी सगुणा. खाली 'लांजा शाखा': जनी, मुलगा बाळा, काजू प्रक्रिया उद्योग, नात मृणाली, एम. एस्सी. फोटोसुद्धा. माझा नॉर्वेचा मजकूर पानाच्या तळाला चौकटीत, वर शीर्षक 'घरातली एक आख्यायिका'.

कोणीतरी बनावट माणसं आमच्या वंशावळीत घुसवली आहेत. नोकरीत असे वीस दावेदार मी कागदावरून पकडले. रविवारी लांज्याला जाऊन यांनाही पकडतो. मूळ कागद दाखवा म्हटलं की भले भले गळपटतात.

१७ ऑगस्ट, रविवार, संध्याकाळी ६

लांज्याहून आलो. लिहिलं पाहिजे म्हणून लिहितोय.

बाजारपेठेच्या मागे घर, परसात काजूची शेड. मी नाव सांगायच्या आधीच ओटीवरचा म्हातारा उठला. सत्तरीचा असेल. म्हणाला, ये हरी, कधी येतोस म्हणून वाट बघत होतो. रामादादा म्हणायचा, पोर जरा मोठं झालं की सांगतो. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे.

मी मूळ कागद मागितले. बाळाने भिंतीकडे बोट केलं. हार घातलेला फोटो. म्हातारपणीचे आजोबा. घरी आमच्याकडे त्यांचा लग्नातला फोटो आहे, तोच चेहरा, फक्त खाली ओघळलेला. आणि कान.

मग बाळाने सांगितलं. मृणाली, त्याची मुलगी, मला दादा म्हणत चहा देत होती आणि मी तो पीत होतो.

आजोबा बोटीत चढले ते खरं. रत्नागिरीपासून जयगडपर्यंत ओकत गेले, जयगडपासून दाभोळपर्यंत ओकत गेले. दाभोळला उतरले. खाडीत होडी मारणं वेगळं, मोठी बोट त्यांना सोसलीच नाही. मागे फिरायला तोंड नव्हतं. ढोल वाजवून पाठवलेला माणूस चार दिवसांनी परत कसा येणार. चिपळूणला गेले, तिथे ट्रकवर क्लीनर लागले. तो ट्रक लांज्यात बंद पडला. दुरुस्तीला तीन दिवस लागले. ते तीन दिवस जनीच्या खाणावळीत जेवले. आणि राहिले.

पुढच्या शिमग्याला मुरुगवाड्यातल्या कोणीतरी त्यांना बाजारात बघितलं. काशी आजी बाबांना घेऊन लांज्याला आली. रस्त्यापलीकडे उभी राहिली. आजोबा आत लोकांना वाढत होते, जनीला दिवस गेलेले दिसत होते. आजी आत गेली नाही. घरी आल्यावर तिने वाडीला सांगितलं, आमचा माणूस नॉर्वेच्या वाटेला लागला, पुढचं देव जाणे. आणि घरात बजावलं, लांजा हे नाव पुन्हा काढायचं नाही. बाबा तेव्हा चौदा वर्षांचे.

नोकरी लागल्यावर बाबा एकटे गेले आणि बापाला भेटले. मग जातच राहिले. १९७९ ला आजोबा सकाळी वारले, बाळाने पहिल्या एसटीने येऊन बाबांना सांगितलं, आणि दोघा भावांनी एकाच न्हाव्याकडे डोकं केलं. आजीने त्या दिवशी कुंकू पुसलं. दहा दिवस सुतक धरलं. नाव काढायचं नाही म्हणाली होती, पण सुतक कसं चुकवणार.

मी विचारलं, नॉर्वेचं काही बोलायचे का. बाळा म्हणाला, पाऊस फार झाला की म्हणायचे, तिकडं गेलो असतो तर बर्फ बघितला असता.

निघताना बाळा माझ्या पिशवीत काजू घालत होता. मी नको म्हटलं. त्याने घातलेच.

१८ ऑगस्ट, सोमवार

नम्रताला लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात माहीत होतं. आईने सांगितलं. सगुणा आत्याला माहीत होतं. दीपकला माहीत, गुरुजींना अंदाज होता, ऋत्विकला बारावीपासून माहीत आहे. तो मृणालीकडे राहून आलाय, मला कॉलेजची सहल सांगून. वाडीत ज्याला दात आहेत त्या प्रत्येकाला माहीत आहे. नाही ते मला.

नम्रता म्हणाली, तुम्हाला कोण सांगणार. १९७९ सालीच दिवाळीनंतर मी शाळेत निबंध लिहिला होता, 'माझे आजोबा'. नॉर्वे, जहाज, बर्फ, सगळं. जिल्ह्यात पहिला आलो. बक्षीस समारंभाला बाबा पुढच्या रांगेत बसले होते, डोक्यावरचे केस अजून आखूड होते. मी स्टेजवर निबंध वाचून दाखवला. बाबा ऐकत राहिले. आईजवळ म्हणाले म्हणे, एवढ्या टाळ्या मिळाल्यावर आता कसं सांगू, पुढच्या वर्षी सांगतो.

बाबा त्यानंतर तीस वर्षं जगले. मी त्यांना दवाखान्यात न्यायचो, औषधं द्यायचो, रात्री दमा उठला की पाठ चोळायचो. तेव्हाही मी नॉर्वेचा विषय काढायचो आणि ते हुं म्हणायचे.

बाबांनी मला फसवलं. हे वाक्य लिहायला सकाळ गेली.

आणि त्यांची ती पत्रं मी रद्दीत घातली. रद्दीवाल्याकडे जाऊन आलो. ट्रक मागच्याच महिन्यात कोल्हापूरला गेला.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती आले. घरात कोणाशी बोलत नाही. आरतीपुरता आवाज काढतो. मोदक अकरा खाल्ले, ते निषेध म्हणून नव्हे.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

उद्याचं भाषण तयार आहे. सातची पाच मिनिटं झाली तरी पुरेत. पहिला शब्द विश्वासघात. मग प्रत्येकाचं नाव घेणार, वडीलधाऱ्यांपासून ऋत्विकपर्यंत, क्रमवार. दीडशे पिलणकरांसमोर विचारणार की एका माणसाला साठ वर्षं वेड्यात काढताना तुम्हाला काहीच वाटलं नाही का. आजोबा पळाले, ते एक वेळ समजू शकतो. तुम्ही कुठे पळाला होतात, समोरच तर होतात.

आरशासमोर तीनदा म्हटलं. बाबांचं नाव आलं की आवाज जातो. तो परिच्छेद शेवटी घेतला. मग काढला. बाकी भाषण जबरदस्त आहे.

३० ऑगस्ट, शनिवार, सकाळी ९.१०

नम्रता आणि ऋत्विक गाडीने पुढे गेले. मी म्हटलं, मी एसटीने येतो, मला शांतता हवी. इस्त्रीचा झब्बा. भाषण वरच्या खिशात. आज माझा दिवस आहे. कोणाच्या नजरेला नजर देताना कचरणार नाही.

दुपारी १.३०, लांजा स्टँड

झालं ते असं. बस हातखंब्याला थांबली. खिडकीतून हॉल दिसत होता. दारात रांगोळी, सनईची रेकॉर्ड, बॅनर, नऊवारीतली सगुणा आत्या. झाडून सगळे आलेले. मी उठलो. पिशवीचा बंद सीटच्या दांडीत अडकला. कंडक्टरने दोनदा हातखंबा, हातखंबा केलं. बंद सुटेपर्यंत बस निघाली. बस तिथे तशी पाच मिनिटं थांबली होती, पण बंद फारच घट्ट बसला होता.

पालीला उतरून मागे फिरता आलं असतं. पालीला पाऊस होता. छत्री होती, पण झब्बा इस्त्रीचा. म्हणून लांज्याचं तिकीट काढलं.

इथे आलोच आहे तर बाळाला चार शब्द सुनवावेत म्हणून त्याच्या घरी गेलो. कुलूप. शेजारची गंगा म्हणून बाई होती. म्हणाली, सगळी हातखंब्याला गेली, रत्नागिरीच्या पुतण्याचं भाषण आहे, म्हातारा पहाटेपासून कपडे करून बसला होता, पहिल्या रांगेत जागा धरायची म्हणून.

त्यांच्या ओटीवर बराच वेळ बसलो. मोबाइलला रेंज चांगली आहे. एकही मिस्ड कॉल नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

काल सहाला घरी पोचलो. नम्रताने ताट वाढलं. हॉलवरची जिलेबी डब्यातून आणली होती, ती माझ्यासाठी गरम केली. कुठे होतात, असं तिने विचारलं नाही. ऋत्विकनेही नाही. मी पिशवीच्या बंदाची हकीकत मनात जुळवून ठेवली होती, ती तशीच राहिली.

आज सकाळी घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दीपकचं आभाराचं पत्र. स्वयंपाकी, हॉलवाले, मुंबईची मंडळी. त्यात एक ओळ: 'श्री. हरिश्चंद्र पिलणकर यांनी भागोजी आजोबांवर केलेलं भाषण सर्वांना भावलं.' खाली त्रेचाळीस जणांचे अंगठे. सगुणा आत्याच्या सुनेने हात जोडलेत. बाळाने लिहिलंय, पुतण्याने नाव काढलं.

ही सगळी माणसं हॉलमध्ये होती. सगळ्यांनी माझी रिकामी खुर्ची बघितली होती.

असं खोटं रेकॉर्डवर राहू देणं माझ्या स्वभावात नाही. दुरुस्ती टाइप केली: वस्तुस्थिती अशी आहे की मी काल सभेला उपस्थित नव्हतो. पाठवायच्या बटणावर बोट ठेवून बसलो. नम्रता गौरीसाठी तेरड्याची रोपं घेऊन मागून आली. खांद्यावरून वाचलं. म्हणाली, मीच सांगितलं दीपकला, यांचं नाव गाळू नका म्हणून. आणि रोपं घेऊन आत गेली.

मग टाइप केलेलं पुसलं आणि लिहिलं: सर्वांचा आभारी आहे. भाषण जरा लांबलं, त्याबद्दल क्षमस्व.